‘चारही बाजूंनी ओपन’ म्हणजे नेमकं किती सोनं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटायला नको. तुमचं गाव विट्याजवळ, घरचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, काकांचं दुकान कोइमतूरला आणि तुम्ही नोकरीसाठी पर्थला. तिथल्या एका लहान कंपनीचे शेअर तुम्ही घेतलेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात तिचा सोन्याचा शोधप्रकल्प आहे आणि आज जाहीर केलेला साठा 4 लाख औंस, म्हणजे साधारण साडेबारा टन. कंपनी म्हणते की साठा लांबीत आणि खोलीत दोन्हीकडे ‘ओपन’ आहे, 10 लाख औंसांपर्यंत सहज जाईल. काकांचं म्हणणं, टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय, सोनं म्हणायचं नाही. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

काकांचं ऐका. फक्त एक अडचण आहे. काकांचा टंच हातात असलेल्या मालाचा असतो आणि इथे माल जमिनीत आहे, तोही कुणी न पाहिलेला. त्यामुळे ‘सोनं किती वाढेल’ हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवतो. सोनं इथेच का आहे आणि पन्नास पावलांवर का नाही, हे त्या कंपनीला कितपत कळलंय, एवढंच मी तपासतो. तीसेक वर्षं ड्रिलिंगच्या कोअरपेट्या, म्हणजे बोअरमधून निघालेल्या दगडी कांड्यांच्या पेट्या, उघडण्यात गेली, त्यावरून सांगतो. कंपनीचं नाव तुम्ही दिलेलं नाही आणि मलाही नको. शेअर ठेवा की विका हे मी सांगणार नाही. ते तुमच्या खिशावर, वयावर आणि झोपेवर अवलंबून आहे.

‘ओपन’ या शब्दापासून सुरुवात करू. त्याचा अर्थ इतकाच की शेवटच्या बोअरला सोनं लागलं आणि त्यापुढे अजून कुणी बोअर मारलेलं नाही. पुढे सोनं आहे, असं तो शब्द म्हणत नाही. तुम्ही खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातले, म्हणजे बोअरवेलचा जुगार तुम्हाला सांगायला नको. एकाच्या वावरात तीनशे फुटांवर पाणी लागतं. बांधापलीकडचा पाचशे फूट जातो आणि नुसती धूळ उडते. पाणी भेगेत असतं, ती भेग कुठून कुठे जाते हे ज्याला कळलं त्याचं बोअर लागतं. तुमच्या कंपनीच्या भागातलं बहुतेक सोनंही खडकातल्या जुन्या भेगांमध्ये, घसरपट्ट्यांमध्ये बसलेलं आहे. गरम पाणी ते घेऊन वर आलं आणि जिथे वाट रुंद झाली, वाकली किंवा खडक बदलला तिथे टाकून गेलं. जाता जाता सांगतो, आपल्या कर्नाटकातल्या कोलार-हट्टीच्या सोन्याच्या पट्ट्यांचं आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पट्ट्यांचं घराणं एकच. दोन्ही अडीच अब्ज वर्षांहून जुन्या ग्रीनस्टोनचे, म्हणजे हिरवट झाक असलेल्या प्राचीन ज्वालामुखी खडकांचे. म्हणून कर्नाटकात शिकलेलं बरंच काही तिथे चालतं.

आता मुख्य गोष्ट. अशा पट्ट्यात सोनं पत्र्यासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. पत्रा असतो, पण त्यातला श्रीमंत भाग दांडक्यासारखा असतो आणि तो दांडका तिरका खाली जातो. खाणीतले लोक त्याला ‘शूट’ म्हणतात आणि तो ज्या दिशेने तिरका उतरतो तिला ‘प्लंज’. विस्ताराची क्षमता पाहायची तर प्लंज हाच कळीचा मुद्दा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. कर्नाटकातल्या एका प्रकल्पावर एका बोअरला 7 मीटर जाडीत टनाला 9 ग्रॅम लागले. आनंदीआनंद. मग वरिष्ठांनी त्याच छेदावर बरोबर खाली, 50 आणि 100 मीटरवर, दोन बोअर मारायला लावले. दोन्हींत गारगोटी होती, खडक बदललेला होता, सोनं मात्र नव्हतं. फाईल बंद व्हायच्या बेतात होती. तेव्हा आमच्यातला एक वयस्क भूवैज्ञानिक उघड्या खडकावर दोन दिवस उकिडवा बसून राहिला. खडकावरच्या बारीक रेषा आणि घड्यांचे आस तो कंपासने मोजत होता. सगळे उत्तरेकडे साधारण 55 अंशांनी उतरत होते. पुढचं बोअर त्याने पहिल्याच्या 60 मीटर उत्तरेला आणि 80 मीटर खाली पडेल असं लावलं. लागलं. आधीची दोन रिकामी बोअर खोटी नव्हती, ती दांडक्याच्या बाजूने निघून गेली होती. त्यांच्यामुळेच दांडक्याची दक्षिणेकडची कड कळली.

म्हणून कंपनीचं सादरीकरण हाती आलं की मी आधी रिकामी बोअर शोधतो. चांगल्या बोअरांची यादी पहिल्या पानावर जाड ठशात असतेच. रिकामी शेवटच्या तक्त्यात, बारीक अक्षरात. ऑस्ट्रेलियन शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला जॉर्क संहितेप्रमाणे, म्हणजे खनिज-साठे जाहीर करण्याच्या तिथल्या नियमावलीप्रमाणे, निकालांसोबत ‘टेबल 1’ आणि बोअरांची जागा, दिशा, कोन, खोली द्यावी लागते. काही वगळलं तर का वगळलं तेही सांगावं लागतं. ते तक्ते वाचायला कंटाळा येतो, पण तुमच्या घरी झारेकऱ्याचं काम ठाऊक असेल. सोनाराच्या दुकानातली माती धुऊन कण काढण्याचा तो चिकाटीचा धंदा इथेही लागतो.

त्या तक्त्यांवरून ‘लाँग सेक्शन’ काढता येतो, कंपनीने दिलेला असेल तर उत्तमच. शिरेला, म्हणजे सोनं असलेल्या त्या पत्र्याला, भिंत समजा आणि तिच्यासमोर उभे राहा. प्रत्येक बोअर भिंतीला जिथे छेदतं तिथे एक टिंब, आणि टिंबाजवळ जाडी गुणिले ग्रेड, म्हणजे टनामागे किती ग्रॅम सोनं तो आकडा. 4 मीटर आणि टनाला 5 ग्रॅम म्हणजे 20. असे सगळे आकडे मांडले की मोठ्या आकड्यांचा पट्टा तिरका दिसू लागतो, किंवा दिसतच नाही. तिरका पट्टा दिसतो आणि त्याच्या खालच्या टोकाला बोअर नाही, तर ‘ओपन’ शब्दाला वजन आहे. मोठे आकडे विखुरलेले आणि मध्ये मध्ये शून्य असतील तर तोच शब्द पोकळ. आणि पट्ट्याच्या वाटेवरच खाली दोन-तीन शून्यं बसली असतील तर साठा तिथे बंद झालाय, पत्रक काहीही म्हणो. कंपनी दरवर्षी निकाल देते पण लाँग सेक्शन कधीच दाखवत नाही, असं दिसलं तर मी सरळ संशय घेतो.

एक सावधगिरी आकड्यांबद्दल. ‘12 मीटर, टनाला 6 ग्रॅम’ हे छान वाटतं. पण त्यात एक मीटर 66 ग्रॅमचा आणि उरलेले अकरा मीटर जेमतेम अर्ध्या ग्रॅमचे असू शकतात, सरासरी तीच येते. ‘त्यात समाविष्ट’ म्हणून पुढची ओळ असते, ती वाचा. दुसरं म्हणजे बोअर शिरेला किती कोनात छेदतंय. 30 अंशांच्या कोनात तिरकं गेलं तर बोअरमधले 10 मीटर म्हणजे शिरेची खरी जाडी 5 मीटरच. ‘खरी जाडी अद्याप माहीत नाही’ असं वाक्य पहिल्या काही बोअरांना शोभतं, शंभराव्या बोअरला नाही.

आता अंतराकडे वळू. जुन्या बोअरांच्या मध्ये मारलेलं बोअर म्हणजे भरणी. त्याने खात्री वाढते, साठ्याचा आकार वाढत नाही. कडेच्या पलीकडे मारलेलं म्हणजे पाऊल पुढे. पत्रकांत दोन्ही एकाच उत्साहात येतात, म्हणून नकाशावर बोट ठेवून पाहावं लागतं. पाऊल किती लांबचं चालतं, हे ठेव्यावर ठरतं. एकसारख्या, रुंद ठेव्यात 100 मीटरवरचं बोअरही जोडता येतं. अरुंद, गुंतागुंतीच्या शिरेत 40 मीटरही जास्त होतात. ही चूक मी स्वतः केली आहे. पश्चिम आफ्रिकेत एका प्रकल्पावर दोन चांगली बोअर 200 मीटरवर होती आणि त्यांना जोडणारी लाल पेन्सिलीची रेघ माझीच होती. पुढच्या हंगामात मध्ये भरणी केली. निघाल्या दोन वेगळ्या, आखूड शिरा, आणि मधून एक फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, गेलेला. माझ्या रेघेवर आणखी एक बोअरांची रांग आखून झाली होती, ती मुकाट्याने खोडली.

मोठ्या प्रमाणावर हे कसं अंगाशी येतं ते कॅनडातल्या रेड लेकजवळच्या रुबिकॉन कंपनीच्या फीनिक्स प्रकल्पात दिसलं. आधीचा अंदाज लाखो औंसांचा होता, खाणही बांधून झाली होती. पण भूगर्भातून जवळून भरणी केल्यावर जानेवारी 2016 मध्ये साठ्याचा अंदाज जवळपास 90 टक्क्यांनी खाली आला. सोन्याची रचना गृहीत धरली त्यापेक्षा कितीतरी तुटक निघाली. तुमच्या 4 लाखांमध्ये ‘अनुमानित’ (इन्फर्ड, कमी खात्रीच्या) वर्गाचे किती आणि ‘निर्देशित’ (इंडिकेटेड, जास्त खात्रीच्या) किती, हे म्हणूनच आधी बघा. बहुतेक साठा अनुमानित असेल, तर 10 लाखांचं पुढे बघू. आधी हे 4 तरी टिकतात का, हा प्रश्न आहे. ‘शोध-लक्ष्य’ म्हणून आकड्यांची एखादी रेंज दिली असेल, तर ती संकल्पनेपुरतीच असते. ती साठ्यात धरायची नसते, आणि हे तिथेच लिहिणं संहितेनेच बंधनकारक केलं आहे.

एक हिशोब घरी करून बघा. लांबी 400 मीटर, खोली 200, जाडी 4, खडकाची घनता 2.7. गुणाकार 8 लाख 64 हजार टन दगड. टनाला 3 ग्रॅम धरले तर सोनं साधारण 2.6 टन, म्हणजे 83 हजार औंस. एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या तुकड्यात एवढंच. तुमच्या कंपनीला 6 लाख औंस वाढवायचे तर असे सात तुकडे हवेत. ते नकाशावर कुठे बसतील? बसवून दाखवता आले तर दावा विचार करण्याजोगा. लीजची हद्दच 300 मीटरवर संपत असेल तर उरलेलं सोनं शेजाऱ्याचं. हद्दीची रेघ नकाशावर बारीक असते, शोधावी लागते.

विस्तार चार वाटांनी होतो आणि चारींचा भरवसा सारखा नाही. खोलीचा मोह सगळ्यांना, आणि कोलारमुळे आपल्या लोकांना जास्तच. चॅम्पियन रीफची खाण 3 किलोमीटरच्याही खाली गेली, हे खरंच. पण त्या खोलीवर खडक तापलेला, खडकस्फोटांची धास्ती, आणि ग्रेड खाली येत गेलेली. 28 फेब्रुवारी 2001 ला कोलार बंद झालं ते सोनं पार संपलं म्हणून नाही. ते वर आणायला येणारा खर्च परवडेना म्हणून. तुमच्या प्रकल्पाचा आजचा साठा उघड्या खाणीसाठी टनाला सव्वा ग्रॅमचा असेल, तर तोच सव्वा ग्रॅम 400 मीटर खाली मिळाला तरी विस्तार होत नाही. तिथे भुयारी खाणीचा ग्रेड लागतो.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर मी निराशावादी वाटेन. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली फॉस्टरव्हिल ही खाण बरीच वर्षं मध्यम प्रतीची मानली जात होती. तिथलं सोनं आर्सेनोपायराइटसारख्या सल्फाइडमध्ये अडकलेलं, दगडातून सोनं विरघळवून काढणाऱ्या सायनाइडला सरळ दाद न देणारं. खोलीवर गेल्यावर क्वार्ट्झसोबत डोळ्यांना दिसणारं सोनं लागू लागलं, स्वान झोन नावाच्या भागात तर विलक्षण ग्रेडचं. 2015 मध्ये सव्वा लाख औंसांच्या आसपास असलेलं उत्पादन 2019 मध्ये 6 लाख 19 हजारांवर गेलं. पण तिथल्या लोकांनी खोलीवर आंधळी झेप घेतलेली नव्हती. ते खाणीतून, ओळखीच्या फॉल्टचा माग काढत, पायरी पायरीने खाली गेले. आणि तो श्रीमंत भाग उपसला गेल्यावर उत्पादन पुन्हा घसरलंही.

समांतर शिरा ही मला सगळ्यात आवडणारी वाट. हट्टीत एकच रीफ, म्हणजे सोन्याची शीर, नाही. ओकलीज, मेन, स्ट्राइक, व्हिलेज, झोन-1 अशा बऱ्याच रीफ जवळजवळ समांतर आहेत. एका शाफ्टमधून आडवी बोगदी काढून शेजारच्या रीफवर जाता येतं, दगड दळायची नवी गिरणी लागत नाही. जुन्या लोकांनी तर आधुनिक यंत्रांच्या कितीतरी आधी त्या भागात दगड तापवून, फोडून खोलवर काम केलं होतं. तुमच्या कंपनीने मुख्य शिरेपलीकडे, शिरेच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या खडकात, कोअरचे नमुने तपासले आहेत की पैसे वाचवायला तो भाग न तपासताच पेटीत ठेवलाय, हे विचारा. मला दोनदा अशा पडून राहिलेल्या पेट्यांमध्ये दुसरी शीर मिळाली आहे.

लांबीच्या दिशेने वाढ सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी तपासली जाते, म्हणून तिथे उरलेलं ‘ओपन’ का उरलं हे पाहायचं. वर वाळूचा थर आहे, म्हणून कुणी गेलं नसेल तर ती जागा खरोखर चांगली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागातला हेमी हा सोन्याचा ठेवा असाच सापडला. 2019–20 मध्ये डी ग्रे कंपनीने सुमारे 30 मीटर वाळूमातीखाली तो शोधला, आणि तेही ओळखीच्या प्रकारच्या शिरेत नव्हे, तर घुसलेल्या अग्निज खडकात. चौथी वाट ती हीच, नवा प्रकार, नवी जागा. पण तिची किंमत आधीपासून शेअरमध्ये धरू नये. लॉटरीचं तिकीट तिकीट म्हणूनच विकत घ्यावं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाची एक खास फसवी जागा आहे. तिथला वरचा खडक काही ठिकाणी 50 मीटरांहून खोलवर कुजलेला असतो. त्या कुजलेल्या थरात सोनं लाखो वर्षांत पाण्याबरोबर हललंय. कुठे धुऊन गेलंय, कुठे आडव्या चादरीसारखं साचलंय. या चादरीत बोअर मारत गेलात तर 500 मीटर रुंद ‘विस्तार’ दिसतो, आणि खाली ताज्या खडकात शीर हातभर निघते. म्हणून निकाल ‘ऑक्साइड’ म्हणजे कुजलेल्या खडकातला की ‘फ्रेश’ म्हणजे ताज्या खडकातला, हे प्रत्येक ओळीत बघा. नमुने हवेच्या दाबाने चुरा करून वर आणणाऱ्या आरसी पद्धतीचे असतील आणि खड्ड्यात पाणी असेल, तर वरचं सोनं खाली ओघळून खालचा नमुना श्रीमंत दाखवतं, तेही लक्षात असू द्या. थोड्या तरी डायमंड कोअर बोअरांनी, म्हणजे चुऱ्याऐवजी अखंड दगडी कांडी वर आणणाऱ्या बोअरांनी, तीच जागा पुन्हा छेदलेली असावी.

टंचाबद्दल काकांना बरं वाटेल अशी गोष्ट सांगतो. प्रयोगशाळेत सोन्यासाठी आजही बहुतेक वेळा तीच जुनी रीत वापरतात. 30 किंवा 50 ग्रॅम चुरा शिशासोबत मुशीत वितळवायचा, मग शिसं जाळून उरलेला कण मोजायचा. फरक एवढाच की काकांच्या मुशीत सोनं असतं आणि आमच्यात टनामागे दोन-तीन ग्रॅम असलेली माती. जाड कणांचं सोनं असेल तर एकाच पोत्यातल्या दोन वाट्या वेगवेगळे आकडे देतात. म्हणून नमुन्यांच्या रांगेत ठरावीक अंतराने ज्ञात ग्रेडचे, पूर्ण रिकामे आणि दुबार नमुने घुसवलेले हवेत. आणि कोअरचा अर्धा भाग पेटीत राखलेला हवा. 1997 मध्ये उघड झालेल्या बुसांगच्या घोटाळ्यात, इंडोनेशियात, ब्रे-एक्स कंपनीच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं गेलं होतं. दुसऱ्या कंपनीने शेजारी बोअर मारल्यावर तिथे काही निघालं नाही.

पर्थला राहण्याचा एक फायदा तुम्हाला आहे. राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा ‘वॅमेक्स’ हा जुन्या शोध-अहवालांचा साठा सगळ्यांना फुकट खुला आहे. त्यात त्याच जमिनीवर आधीच्या कंपन्यांनी मारलेली बोअर सापडतात. जिथे आज ‘ओपन’ लिहिलंय तिथे 1980च्या दशकात कुणीतरी पाच बोअर मारून रिकाम्या हाताने गेलं असेल, तर ते तिथे दिसेल. किंवा असंही दिसेल की ती सगळी 40 मीटरपर्यंतच, कुजलेल्या थरातच थांबली होती. मग कंपनीचा दावा उलट मजबूत होतो. एक रविवार घालवाच.

शेवटी शेअरवाल्याचा हिशोब, जो भूवैज्ञानिक सहसा विसरतात. ड्रिलिंगला पैसा लागतो आणि लहान कंपनी तो नवे शेअर काढून उभा करते. समजा आज 20 कोटी शेअर आणि 4 लाख औंस. दोन वर्षांनी 40 कोटी शेअर आणि 6 लाख औंस. पत्रक म्हणेल साठा दीडपट झाला. तुमच्या एका शेअरच्या वाट्याचं सोनं मात्र चौथ्या हिश्श्याने कमी झालं. तेव्हा ताज्या तिमाही अहवालात रोकड किती, आणि तेवढ्यात किती मीटर ड्रिलिंग बसतं, ते पाहा.

हे सगळं जमणार नसेल तर वार्षिक सभेला जा, पर्थमध्येच भरत असेल, आणि भूवैज्ञानिकाला एकच प्रश्न विचारा: पुढचं बोअर कुठे मारणार, आणि ते रिकामं निघालं तर तुम्ही काय समजाल? ज्याला ठेवा कळलाय तो लगेच कागद काढून रेघा मारायला लागतो आणि रिकामं निघालं तर कुठली कल्पना सोडावी लागेल तेही सांगतो. ज्याला कळलेला नाही तो म्हणतो, चारही बाजूंनी ओपन आहे. लाँग सेक्शन मिळाला तर इथे टाका, रिकाम्या बोअरांसकट. मी बघून सांगेन.